मास्तरांचा अंगठा

मी एक जुनी खिडकी आहे. पण मित्रांनो, मला गज नाहीत की बिजागरी नाही. नाण्याएवढी क्वार्ट्झ काचेची चकती मी. लेझर यंत्राच्या तोंडाशी बसायचं, धूळ अडवायची आणि किरण जसाच्या तसा पुढे जाऊ द्यायचा, एवढंच माझं काम.

माझा जन्म जर्मनीतल्या येना गावातला, 'झाले' नावाच्या नदीकाठच्या एका छोट्या कारखान्यातला. फोल्कमार मास्तरांनी मला नऊ दिवस घासलं. पिवळ्या दिव्याखाली माझ्यावर दुसरी सपाट काच ठेवली, की काळ्या रेघा उमटत. रेघा सरळ आल्या तर मी सपाट, वाकल्या तर तिथे टेकाड.

मास्तर आपल्या लेकीला, उल्रीकेला, टाकाऊ तुकड्यांवर शिकवत. साध्या काचेवर क्षणभर बोट टेकवलं तरी रेघा वाकत.

"ही साधी काच म्हणजे आपला हेनिंग. जरा ऊब लागली की फुगला!"

"ऐकतोय मी," शेजारच्या यंत्रावरून हेनिंग म्हणाला.

"आणि क्वार्ट्झ, बाबा?"

"ती तुझी आई. कितीही गोंजारा, जागची हलायची नाही. म्हणून लेझरला हीच निवडायची."

मला मात्र ते नेहमी कडेने धरत. फक्त एका सोमवारी सकाळी त्यांच्या छातीत कळ आली आणि मी मुठीत आवळली गेले. मूठ उघडायला उल्रीकेला एकेक बोट सोडवावं लागलं. माझ्या तोंडावर त्यांचा अंगठा उमटला होता. तिने तो पुसला नाही. तशीच मला डबीत ठेवली.

अकरा महिन्यांनी डोळ्यांच्या दवाखान्यातून निरोप आला. तिथल्या लेझरची खिडकी तडकली होती. एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या बुबुळावरचा डाग गुरुवारी खरवडायचा होता. आधीच उशीर झाला होता.

"साधी काच देऊ या की. दिसायला सारखीच," हेनिंग म्हणाला.

"दिसायला!" उल्रीके उसळली. "हा अतिनील किरण साध्या काचेतून पलीकडे जातच नाही. तीस वर्षं काय केलंस रे?"

तयार क्वार्ट्झ मी एकटीच होते. उल्रीकेने मला पुसलं आणि दिव्याखाली ठेवलं. रेघा वाकल्या. बरोबर अंगठ्याच्या जागी टेकाड उभं होतं.

"दिव्याने तापली असेल," हेनिंग म्हणाला.

दिवा बंद करून त्यांनी मला दोन तास थंड फरशीवर ठेवलं. पुन्हा दिवा लावला, तरी टेकाड होतंच. उलट त्यांच्या डोळ्यांदेखत ते किंचित वर आलं, कुणी ऊबदार बोट टेकवल्यासारखं. मित्रांनो, खोलीत मला कुणीही हात लावत नव्हतं, आणि तरी मला ऊब जाणवत होती. मी घाबरले होते. जन्मात चर्चची पायरी न चढलेला हेनिंग टोपी काढून उभा राहिला.

"बाबा आहेत," उल्रीके कुजबुजली. "मी नाही हिला देणार. हिला घासलं तर ते जातील."

हेनिंगने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग म्हणाला, "पोरी, मास्तर मुद्दाम अंगठा कशावर दाबायचे?"

कारखान्यात ते सगळ्यांना ठाऊक होतं. चुकून कुणी पाठवू नये म्हणून मास्तर नापास मालावर अंगठ्याचा ठसा उमटवत.

"नापास," ती म्हणाली, आणि रडत रडतच तिने बाह्या सरसावल्या. "बरं बाबा. घासते परत."

तिने मला दोन दिवस घासलं. टेकाड सहजासहजी जाईना. प्रत्येक फेरीला थोडं उतरायचं आणि पुन्हा ऊब जाणवायची. बुधवारी संध्याकाळी मी एकदम गार पडले. दिव्याखाली रेघा सरळ आल्या. उल्रीके कितीतरी वेळ त्या सरळ रेघांकडे पाहत बसली.

त्या बाईचा डोळा वाचला. पुढे चौदा वर्षं मी त्या यंत्रात होते. आता कडा टवकल्यात म्हणून कपाटात पडून आहे.

मित्रांनो, काच हाती आली तर कडेने धरा. तिच्यापलीकडे कुणाचा तरी डोळा असतो. मास्तरांचा हात माझ्यावरून पुसला गेला, याचं मला आजही वाईट वाटतं. पण तो तसाच राहिला असता, तर वाईट मास्तरांना वाटलं असतं.