मतदानापर्यंत खुर्चीत

मोटारसायकलवरून पडून माझा पाय मोडला, तेव्हा तात्यांच्या प्रतिष्ठाननं मला व्हीलचेअर दिली. तात्या आमदारकीला उभे होते. कर्जतच्या चौकात मोठा फ्लेक्स लागला. खुर्चीत मी, मागं हसणारे तात्या.

दोन महिन्यांत पाय बरा झाला. मी चालत चहाला निघालो, तर प्रतिष्ठानचा कार्यकर्ता अमृत आडवा आला.

"अजिनाथभाऊ, बसा."

"आरं, पाय बरा झालाय."

"त्यो तुमचा घरगुती विषय हाय. मतदानापतूर चालायचं न्हाई."

माझी शिपायाची नोकरी तात्यांच्याच शाळेत होती. मी बसलो.

त्याच आठवड्यात काष्टीहून मला बघायला पाहुणे आले. सहा वर्षांतलं पहिलं स्थळ. येताना त्यांनी फ्लेक्स वाचला होता, त्यामुळं मुलीचे वडील काकासाहेब सारखे माझ्या गुडघ्यांकडं बघत होते. शेवटी दार लावून मी चार बैठका मारून दाखवल्या. काकासाहेबांनी पसंती दिली.

संध्याकाळी तात्यांचा निरोप आला. लग्न आपल्या सामुदायिक विवाह सोहळ्यात, सगळा खर्च प्रतिष्ठानचा. काकासाहेब लगेच हो म्हणाले. पत्रिकेत माझ्या नावाआधी 'दिव्यांग वर' छापलं होतं.

सप्तपदीला रोहिणी चालली आणि मला अमृतनं ढकललं. पाचव्या पावलाला ती हळूच म्हणाली, "तुमाला चालता येतंय न्हवं?"

"येतं की. मतदान झालं की दाखवतो."

"झेडपी झाल्यावर," मागून अमृत म्हणाला. "तात्यांचा पोरगा उभा ऱ्हातोय."