तांदळातलं नाव

मालनबाईंनी ती कथा सलग तीन दुपारी वाचली. वाचनालयातून आणलेल्या मासिकातली. कथेतली बाई नवऱ्याच्या ताटावर झाकण ठेवते, चपला घालते आणि कायमची निघून जाते. तिसऱ्या दुपारी वाचता वाचता कोपर गावातल्या आपल्या खोलीत उल्हास नदीचा वास आल्यासारखं झालं आणि शहाडच्या काठावरून आई हाक मारू लागली, "कलावती, अगं ये आता वर."

लग्नात ताटभर तांदूळ पसरून दौलतरावांनी अंगठीनं 'मालन' लिहिलं, त्याला बावन्न वर्षं झाली. जुनं नाव आधी सासरी बुजलं, मग माहेरीही. आई गेल्यावर तर पुरतंच.

मालनबाईंनी मासिकाला पत्र लिहिलं. खाली सही करताना मात्र हात अडला. वाचकांची पत्रं दौलतराव चहाबरोबर मोठ्यानं वाचत. जुनं नाव नवऱ्याला आठवतं का, एवढंच मालनबाईंना बघायचं होतं. त्यांनी लिहिलं : कलावती, शहाड.

पुढच्या महिन्यात अंक आला.

"तुझ्या माहेरच्या कुणा बाईनं लिहिलंय गं," दौलतराव म्हणाले. "कलावती म्हणून. ओळखतेस?"

मालनबाईंनी बशी खाली ठेवली. "ओळखत होते. वाचा तरी."

"'तुमची नायिका घर सोडून गेली, ते मला पटलं. मला मात्र घर सोडावंसं कधी वाटलं नाही. माणूस चांगला मिळाला. माझ्या चहात साखर किती, हे त्याला अजून सांगावं लागतं, एवढंच.'" दौलतराव हसले. "कोण हा बावळट?"

"असेल कुणीतरी. पुढे."

"'लग्नात तांदळावर त्यांनी माझं नवं नाव लिहिलं. जुनं कुठं ठेवू, ते कुणी सांगितलं नाही. त्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला. मीही तो...'"

दौलतराव थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"'...मीही तो जेवले.'"

चहावर साय धरली.

"आत्यानं सांगितलं, हे नाव लिही. मी लिहिलं," ते म्हणाले. "तुला विचारायचं असतं, हे सुचलंच नाही."

"मलाही सुचलं नव्हतं तेव्हा."

ते अंक मिटू लागले.

"मिटू नका. खालचं नाव परत वाचा."

त्यांनी वाचलं. सावकाश, पाटीवर पहिल्यांदा गिरवावं तसं. मालनबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. काठावर ऊन उतरलं होतं, पाय ओले होते आणि वर जायची काही घाई नव्हती.