पाच सवाष्णी

"तू हो म्होरं, हात धुऊन आलेच," असं धोंडुबाई दुसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा मनुबाईच्या ध्यानात आलं, सुनेच्या ओटीला ही येणार नाही.

"धोंडे, तुझ्या सुनंच्या ओटीला सारा सैपाक मी केल्ता."

धोंडुबाईनं नजर चुकवली. "तुझ्यावर राग न्हाई गं. पर धरणवाल्यांच्या पोरीची ओटी भरली, तर आमच्यात काय म्हंतील? वड्याकडंचं रान त्यास्नीच गेलं न्हवं?"

कोयनेच्या धरणात गावं बुडालेल्यांची वसाहत सरकारनं इथल्या जमिनी घेऊन वसवली, तेव्हा 'आली टोळधाड' असं विहिरीवर मोठ्यानं म्हणणारी मनुबाईच होती. बाहत्तरच्या दुष्काळात गाव आणि वसाहत एकाच रस्त्यावर खडी फोडायला बसली, तरी भाकरी सोडताना घोळके वेगळेच. मग पलटणीत असलेल्या तिच्या लेकानं, सयाजीनं, वसाहतीतलीच सारजा पसंत केली. जात एक, देव एक. गल्लीनं मात्र तिला 'धरणवाली'च ठेवलं.

सारजाला आई नव्हती. वसाहतीतल्या बायका आल्या तर गल्लीतली एकही यायची नाही, म्हणून मनुबाईनं त्यांना सांगितलंच नव्हतं.

घरी सारजा हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली होती.

"आल्या का वं, आत्याबाई?"

"येत्यात."

दिवेलागण झाली. पावलं वाजली की दोघी दाराकडं बघायच्या. पावलं पुढं निघून जायची.

"मावशीला बलवू का वसाहतीतनं?"

"आता? अन् गल्लीनं बघितलं तर..."

सारजानं पदर पसरला. "मग तुमीच भरा की."

मनुबाईनं नारळ उचलला. नवरा गेल्यापासून तिनं कुणाची ओटी भरली नव्हती. समोरची पोर तिच्याच नातवंडाची आई होणार होती. तरी हात अर्ध्यावर थांबला, तो पुढं होईना.

"रांडमुंड बाई मी. मला चालत न्हाई गं, पोरी. काय वंगाळ झालं म्हंजे?"

सारजानं पदर रिकामाच कमरेला खोचला आणि चुलीवरची आमटी उतरवून दोघींची ताटं वाढायला घेतली.