तिसरा हेडसेट

जितेंद्रने खोक्याची चिकटपट्टी ब्लेडने कापली आणि आतला हेडसेट काउंटरवर, पाण्याच्या पंपांपुढे ठेवला. कसालच्या त्याच्या दुकानात आलेला हा तिसरा. आधीचे दोन नम्रताने परत पाठवले होते, आणि ते पुन्हा बांधून कुरिअरवाल्याची बोलणी खायचं काम दोन्ही वेळा त्याच्याच गळ्यात आलं होतं.

नम्रता, त्याची धाकटी बहीण, विमान चालवायला शिकत होती. जेमतेम दोन माणसं बसतील एवढंसं विमान, पण गावात तिचं केवढं तरी नाव झालं होतं. हेडसेट बिघडला म्हणून ती घरी आली होती. नवा, टिकाऊ बघून घेते आणि जाते, म्हणाली होती. त्याला आता महिना होत आला.

काउंटरशी उभ्या नम्रताने हेडसेटची डोक्यावरची पट्टी ताणून पाहिली, कानांच्या गाद्या दाबल्या, तोंडाशी येणारी माइकची दांडी वर-खाली केली.

“जड आसा.”

जितेंद्रने डोळे मिटून घेतले.

“पयल्याची पट्टी प्लास्टिकची, म्हणान मोडतली. दुसऱ्याची वायर बारीक, ती तुटतली. ह्याची पट्टी स्टीलची, वायर जाड, तर आता हो जड.”

“तासन् तास डोक्यार ठेवचो लागता, दादा.”

“बोअरचो पंप घेवक येणारो माणूस पण इतकी चौकशी करीत नाय गो. आणि तेका तर तो जमिनीत सोडूचो आसता.”

ती हसली नाही. तिने हेडसेट खोक्यात ठेवला आणि झाकण लावलं.

“परत पाठव.”

“नाय पाठवणय,” जितेंद्र म्हणाला. “नवीन पसंत पडना नाय, तर जुनो काढ. वॉरंटी आसा मां तेची? कंपनीक पाठवया. दुरुस्त करून देतले.”

“नको.”

“कित्याक नको?”

“नको म्हटलंय मां.”

“कारण सांग. महिनोभर घरात तुझ्या कानांशिवाय दुसरो विषय नाय.”

नम्रता झाकणावरची सुटलेली चिकटपट्टी बोटाने दाबत राहिली. ती काही चिकटत नव्हती.

“तेका काय झालाच नाय,” ती म्हणाली.

“कोणाक?”

“जुन्या हेडसेटाक.” तिने मान वर केली नाही. “मी एकटाच होतंय वर. इंजिन जरा अडखळला, मगे परत बरोबर चालला. टॉवरवाले सारखे विचारी होते, खंय आसस, काय झाला. माका सगळा आयकाक येय होता. पण माझा तोंडच उघडेना. विमान परत आणलंय, नीट उतरवलंय. सरांनी विचारल्यानी, उत्तर कित्याक देय नाय होतंस. मी सांगितलंय, माइक गेलो.”

“मगे?”

“मगे ते म्हणाले, बरो टिकाऊ बघून घे आणि ये.”

कुरिअरवाल्याचे टोमणे, आईचा रोजचा तोच प्रश्न, लोकांच्या चौकशा. जितेंद्रने महिनाभर मनात जमवून ठेवलेलं सगळं तोंडाशी आलं, आणि त्यातलं काहीच आता बोलण्याजोगं उरलं नव्हतं. त्याचीच त्याला अधिक चीड आली.

एवढ्यात दारात टेम्पो थांबला. गणपत मेस्त्री पंपाचा फूटव्हॉल्व्ह मागत आत आला. घाईतच होता. जितेंद्र मागच्या खोलीत गेला. तिथे त्याने एक व्हॉल्व्ह उचलला, तो चुकीच्या मापाचा निघाला, मग दुसरा शोधला.

परत आला तेव्हा नम्रता भिंतीकडे तोंड करून उभी होती. फोन कानाला होता.

“सर, नम्रता बोलतेय,” ती म्हणाली आणि थांबली. तिचं थांबणं लांबत गेलं. मोकळ्या हाताने तिने बाजूच्या मांडणीची कड धरली.

“जितू, गावलो काय रे?” काउंटरपलीकडून गणपतने विचारलं.

जितेंद्रने व्हॉल्व्ह धरलेला हात तसाच वर केला. गणपत गप्प झाला.

“सर,” नम्रता म्हणाली, “माझा हेडसेट चांगला आहे.”