शेवट थोराकडे आहे

मित्रांनो, मी कार्टून सिनेमाचे एक जुने रीळ आहे. सात मिनिटांचे, पण बरीच वर्षे अर्ध्या मिनिटाने अपुरे. माझ्या पोटात एक कोंबडा आणि एक बोकड आहेत. बाहेर बर्फ पडतो आहे, गोठ्यात शेगडी एकच, आणि तिच्याजवळची जागा दोघांनाही हवी. कोंबडा बोकडाच्या दाढीला गाठ मारतो. बोकड त्याला बादलीत कोंबून गोठलेल्या तळ्यावर भिरकावतो. शेगडी मात्र मजेत जळत राहते.

मिनेसोटातल्या एका छोट्या गावात थोरा आणि आर्विद ही भावंडे थिएटर चालवत. खाली तिकीट खिडकीत थोरा, वर प्रोजेक्टरपाशी आर्विद. हिवाळ्यात दर शनिवारी दुपारी मोठ्या सिनेमाआधी मी लागायचे. मुले ओले हातमोजे रेडिएटरवर वाळत टाकत आणि "बोकडा, हाण त्याला!" म्हणत पाय आपटत. तो हशा वरपर्यंत ऐकू येई आणि मला धन्य वाटे.

माझ्या शेवटी छप्पर कोसळते, शेगडी विझते आणि कोंबडा आपला पंख हळूच बोकडाच्या पाठीवर टाकतो. तेवढेच. पण तोवर मुलांची चुळबुळ सुरू होई, पॉपकॉर्नसाठी पळापळ होई. एका शनिवारी आर्विदने कात्री घेतली.

खेळ संपल्यावर थोरा तरातरा जिना चढून आली.

"शेवट कुठंय रे?"

"कापला. बघतं कोण तो? पोरांना मारामारी हवी असते."

"मी बघते! तेवढ्यासाठी दर शनिवारी खिडकी बंद करून आत येते मी."

"तू तिकिटं विक गं. फितीचं माझं मी बघतो."

"वा! भांडण ठेवलंस आणि समेट टाकलास कचऱ्यात. शोभतं हो तुला!"

तिने टोपलीतून तो तुकडा उचलला, कॉफीच्या रिकाम्या डब्यात घातला आणि घरी नेला. त्या दिवसापासून दोघांचा अबोला. दोघेही एकाच मुशीतले, आधी बोलणार कोण? ती खाली, तो वर, मधे जिना. अकरा हिवाळे असेच गेले. दर शनिवारी कोंबडा पंख उचलायच्या बेतात असे आणि पडदा पांढरा होई. मुले हसत. मला मात्र तो तुकडा आठवून गलबलून येई.

पुढे घरोघरी टीव्ही आला आणि थिएटरला कुलूप लागले. आर्विदने मला घरी नेऊन पलंगाखाली ठेवले. हिवाळा आला की तो मला बाहेर काढी, पुसून पुन्हा गुंडाळी. फाटकाशी पावले वाजली की मान वर करी. दर वेळी तो बर्फ उपसणारा शेजारीच असे.

गेल्या जानेवारीत आर्विद गेला. घर आवरायला थोरा आली आणि तिला माझा डबा सापडला. रिळात काय कमी आहे ते डब्याच्या झाकणावर लिहायची प्रोजेक्टरवाल्यांची रीत असते, म्हणजे पुढचा माणूस फसत नाही. थोराने चष्मा लावला. झाकणावर लिहिले होते: 'अपुरे. शेवट थोराकडे आहे. तिला विचारणे.' शाई फिकी होऊ नये म्हणून दरवर्षी गिरवलेली होती.

"अरे वेड्या," ती म्हणाली, "विचारायचं होतंस की!" मग पुटपुटली, "आणि मी तरी कुठं आले?"

दुसऱ्या दिवशी ती कॉफीचा डबा घेऊन आली. तिने तुकडा मला चिकटवला, जरा तिरकाच. प्रोजेक्टर कधीच विकला गेला होता. म्हणून खिडकीतल्या बर्फाच्या उजेडात फीत धरून तिने एकेक चित्र बोटांनी सरकवत पाहिले. पंख तसूतसूने वर गेला आणि बोकडाच्या पाठीवर टेकला.

मित्रांनो, आज मी पूर्ण आहे. जुनी रिळे जपा, त्यांना ओल लागू देऊ नका. आणि तुमच्या एखाद्या गोष्टीचा शेवट कुणाकडे राहिला असेल, तर झाकणावर लिहून ठेवू नका, उठा आणि मागून आणा. मला अजून एकदा त्या पाय आपटणाऱ्या मुलांसमोर लागायचे आहे. खाली खिडकीत बसायला थोरा आहे. वर प्रोजेक्टरपाशी आर्विद हवा होता.