सात नंबर, आहात ना?

"बाई, खाली एक आजोबा आलेत. ऑपरेटरलाच भेटायचंय म्हणतात. नाव विचारलं तर म्हणाले, सात नंबर आलाय म्हणून सांगा, त्यांना कळेल. पाठवू का वर?"

स्वागतकक्षातल्या मुलीचं हे बोलणं ऐकून हॅलोबाई खुर्चीत ताठ बसल्या. आज ना उद्या हा माणूस जाब विचारायला येणार, हे त्या दहा वर्षं धरून चालल्या होत्या. निवृत्तीला अवघे चार दिवस राहिले असताना, आणि नेमका स्फोटांच्या स्मृतिदिनी, तो खाली येऊन उभा होता. घड्याळात पावणेअकरा झाले होते.

"पाठव," त्या म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

हॅलोबाई हे नाव इस्पितळानंच त्यांना बहाल केलं होतं. बत्तीस वर्षं त्या टेलिफोन बोर्डासमोर बसल्या. घरीसुद्धा नवऱ्यानं मीठ मागितलं की त्यांच्या तोंडून बोर्डवरच्या सुरात निघायचं, "थांबा हं, देते." नवरा म्हणायचा, "अगं, मीठ हवंय फक्त. मोठ्या डॉक्टरांना नको जोडूस." काम शिकवणाऱ्या जुन्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, 'नाही' हा शब्द ऑपरेटरच्या तोंडी शोभत नाही. म्हणायचं, "थांबा, बघते."

त्या एका दिवशी मात्र हे दोन शब्द त्यांना फार महागात पडले. अतिरेक्यांनी बाजारपेठेत स्फोट घडवले आणि अर्ध्या तासात बोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले. सारं शहर आपलं माणूस शोधत होतं. बाईंच्या हाती दोन याद्या आल्या. पहिली जखमींची, तिच्यातली नावं सांगायची. दुसरीतलं नाव निघालं तर काही बोलायचं नाही, फोन सरळ मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत जोडून द्यायचा. त्या दुपारी बाईंनी असे एकवीस फोन जोडले. प्रत्येक वेळी खटका दाबताना त्यांचं बोट जड होत गेलं.

बाविसावा फोन सात नंबरच्या लाइनवर आला. माणूस शिंपी होता, दुकानातून बोलत होता. मुलीचं नाव सांगून म्हणाला, "आणि एक करा ताई. सकाळी तशीच गेलीय, पोटात काही नाही तिच्या. सापडली की आधी काहीतरी खायला द्या तिला."

"थांबा, बघते," बाई म्हणाल्या.

नाव दुसऱ्या यादीत होतं, वरून तिसरं. बोट खटक्यापर्यंत गेलं आणि मागे आलं. मग दर दहा मिनिटांनी त्या विचारत राहिल्या, "सात नंबर, आहात ना?" पलीकडून आवाज यायचा, "आहे, आहे." असे पावणेदोन तास गेले. शेवटी काळजावर दगड ठेवून त्यांनी खटका दाबला. त्यानंतरची दहा वर्षं मात्र त्यांना एकाच गोष्टीनं खाल्लं. एका बापाला आपण आशेवर ताटकळत ठेवलं, तेही सगळं ठाऊक असताना.

दर वर्षी या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी शहर दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं. बाई तेवढ्या बसून असायच्या, बोर्ड सोडून उभं कसं राहणार? सगळे दिवे विझलेले असत, आणि नेमका एक लागायचा. बाई फोन उचलायच्या. पलीकडे कुणी बोलत नसे, नुसता श्वास. बाईंना वाटायचं, तो सात नंबरचा बापच असणार, आपल्या गुन्ह्याची आठवण करून देतोय. तरी त्या म्हणायच्या, "आहे मी." दोन मिनिटांनी दिवा विझायचा.

दार वाजलं. आत आलेला माणूस बारीक अंगाचा होता, जन्मभर मशीनवर वाकून मान एका बाजूला झुकलेली. इस्त्रीचा सदरा, हातात काठी. धाप लागली होती.

"बसा," म्हणता म्हणता बाईच उठल्या आणि एका दमात बोलून गेल्या, "मला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं. यादी हातातच होती माझ्या. सांगायचा धीर झाला नाही. तुम्हाला उगाच थांबवून ठेवलं मी. काय बोलायचंय ते बोला, मी ऐकून घेते."

शिंपी खुर्चीत टेकले. रुमालानं मान पुसली.

"मलाही कळलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"तुम्ही दुसऱ्यांदा 'आहात ना' म्हणालात ना, तेव्हाच. आवाज बदलला होता तुमचा. माणसं मापं देताना खोटं बोलतात, पोट आत ओढून घेतात. ते ओळखण्यातच हयात गेली माझी." ते किंचित हसले. "मी विचारलंच नाही. मुद्दामच. तुम्ही सांगत नव्हतात, मी विचारत नव्हतो. रिसीव्हर असा मानेत धरला आणि तिचा कोट घेतला शिवायला. बटणं राहिली होती. दोन महिने मागे लागली होती पोरगी, बाबा, गावाचे कपडे होतात, माझाच कोट होत नाही."

"मग?"

"पाचही बटणं लावली. काजं केली. अस्तर उसवलं होतं, तेही शिवलं. कोट पुरा झाला आणि तुम्ही म्हणालात, डॉक्टरांना जोडून देते." त्यांनी हात जोडले. "तेवढा वेळ ती होती, ताई. माझ्यासाठी होती. बापाच्या हातून तिचं काम व्हायचं राहिलं असतं. तुमच्यामुळे झालं. तोच कोट घालून पाठवलं तिला. दर वर्षी आभार मानायला फोन करतो, आणि तुमचा आवाज आला की घसाच बंद होतो."

दहा वर्षं ज्याला त्या पाप म्हणत आल्या, त्याचे हा माणूस हात जोडून आभार मानत होता. त्या मनसोक्त रडल्या. मधेच दिवा लागला तेव्हा नाक पुसून "थांबा, बघते" म्हणाल्या आणि क्ष-किरण विभाग जोडून देऊन पुन्हा रडल्या. शिंप्यांनी टेबलावरचा पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"खरं तर मी एका कामासाठी आलोय," ते जरा संकोचून म्हणाले. "परवा फोन केला तेव्हा बोर्डवर तुम्ही नव्हतात. खालची मुलगी म्हणाली, तुम्ही जाणार, मशीन येणार. यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. मी कितवं बटण दाबायचं? पुढच्या वर्षी फोन कुठे करू?"

बाईंनी चिठ्ठीवर घरचा नंबर लिहिला. एकदा वाचून पाहिला, मग आकडे आणखी ठळक गिरवले. अकरा दहाला भोंगा झाला. शिंपी काठी टेकत उठून उभे राहिले, बाई बोर्डासमोर बसल्या. त्या वर्षी दिवा लागला नाही.

पुढच्या वर्षी त्या दिवशी बाई सकाळपासून फोनच्या आसपास घोटाळत होत्या. नवरा म्हणाला, "अगं, येईल फोन. तू काय त्याला ओढून आणणार आहेस?" अकरा दहाला भोंगा झाला. रस्त्यावरची वाहनं थांबली. नवरा हातातलं वर्तमानपत्र ठेवून उठला, आणि फोन वाजला.

बाईंनी रिसीव्हर उचलला. पलीकडे श्वास होता, मागे बंद मशीनची शांतता. मग पहिल्यांदाच तिकडून प्रश्न आला.

"आहात ना, ताई?"

"आहे, आहे," बाई म्हणाल्या. आणि खुर्ची मागे सारून, रिसीव्हर कानाशी तसाच धरून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या दोन मिनिटं उभ्या राहिल्या.