पुढच्या काचेचं म्हणणं

मी एक काच बोलतेय. सोनादाच्या इंद्रमान राईच्या जीपची पुढची काच. आता मी जीपची राहिले नाही म्हणा, पण ओळख सांगायची तर तीच सांगावी लागते. फार मोठ्याने बोलवत नाही. दमले आहे. जरा जवळ येऊन ऐका.

माझा जन्म कुठल्या तरी मैदानी मुलखातल्या भट्टीत झाला. तिथलं आता फारसं आठवत नाही. ऊन खूप होतं आणि मी कोरडी होते, एवढं मात्र लक्षात आहे. मग गवतात गुंडाळून मला सिलिगुडीला आणलं, जीपच्या तोंडावर काळ्या रबरात बसवलं आणि जीप डोंगर चढू लागली. अर्ध्या घाटातच धुकं अंगावर आलं. इकडे त्याला कुइरो म्हणतात. त्या दिवसापासून मी कोरडी अशी क्वचितच राहिले.

इकडे गाडी चालवणाऱ्याला गुरुजी म्हणतात. हातात खडू नाही की छडी नाही, तरी गुरुजी. इंद्रमान स्टँडवर गुरुजी आणि घरी माइला, म्हणजे दोन नंबरचा मुलगा. सोनादाहून घूमवरून दार्जिलिंग आणि परत, एवढंच आमचं जग. त्या रस्त्याला चिकटून छोटी रेल्वे जाते. मनात येईल तिथे ती रस्ता ओलांडते, फाटक वगैरे काही नसतं. कुइरो दाट असला की ती दिसत नाही, नुसती शिट्टी ऐकू येते. इकडचे सगळे गुरुजी अर्धी गाडी कानांनीच चालवतात.

आता माझ्या दुखण्याकडे येते. जीपमध्ये दहा माणसं कोंबून बसायची. प्रत्येकाची छत्री ओली, शाल ओली, बुटांत पाणी. कोणी मांडीवर ओल्या पाल्याची जुडी घेतलेली, कोणी गरम मोमोंचा डबा उघडून बसलेला. पायाखाली चिखल लागू नये म्हणून अंथरलेल्या गोण्या पावसाळाभर वाळायच्याच नाहीत, त्यांच्यावर हिरवी बुरशी धरायची. आणि वर सगळ्यांची तोंडं अखंड चालू. ही सगळी वाफ कुठे जाणार? माझ्या अंगावर. बाहेरून थंडगार वारा, आतून माणसांची ऊब, आणि मधे मी. पाच मिनिटांत मी पांढरी व्हायचे.

“खिडकी जरा खाली घ्या हो,” इंद्रमान म्हणायचा.

“थंडी भरेल, गुरुजी. तुम्ही आपली काच पुसा,” मधल्या सीटवरून उत्तर यायचं.

“तुम्ही श्वास घ्यायचं थांबवलंत तर पुसावी लागणार नाही.”

“मग भाडंही मिळणार नाही.”

सगळे हसायचे आणि आणखी वाफ सोडायचे. खिडकी कोणी उघडायचं नाही. श्वास सगळ्यांचा आणि आळ माझ्यावर. कुणी म्हणालं नाही की आपण ओले आहोत. म्हणायचे, काच खराब आहे.

माझ्यावर उपचार मात्र भरपूर झाले. इंद्रमानने तंबाखू चोळून पाहिली, वर्तमानपत्राने घासलं, साबण लावला. त्याच्या बायकोने, माइलीने, मिठाची पुरचुंडी शिवून माझ्या पायाशी ठेवली. मीठ ओल पीत राहिलं आणि आठ दिवसांत स्वतःच पाझरायला लागलं. त्यातल्या त्यात गुण आला तो इस्कुसचा. इकडे प्रत्येकाच्या परसात इस्कुसचा वेल असतो, त्याला हिरवी फळं लोंबतात. फळ चिरलं की चीक निघतो आणि बोटांवर पापुद्रा धरतो. तोच चीक काचेला चोळायचा. एक फेरीभर तरी वाफ धरत नाही.

इस्कुस आणायच्या सुकमाया बोजू. बोजू म्हणजे आजी. दार्जिलिंगच्या बाजारात त्या इस्कुसचे कोंब आणि याकच्या दुधाची छुर्पी, म्हणजे तासभर चघळायचं कडक चीज, विकायच्या. पुढची खिडकीकडची जागा त्यांची, तिथे दुसरं कोणी बसलेलं मी पाहिलं नाही. त्या जीपमध्ये शिरल्या की आधी टोपलीतून अर्धं इस्कुस काढून द्यायच्या.

“घे, तुझ्या म्हातारीला मालिश कर.”

“म्हातारी कोण, बोजू?”

“ही काच रे. मी अजून तरणी आहे.”

वर्षं अशी गेली. पुसून घ्यायचं, पुन्हा धुरकटायचं, पुन्हा पुसून घ्यायचं. कंटाळा आला म्हणून काचेला कोण रजा देतं.

मग एका पावसाळ्यात मला काहीतरी वेगळं जाणवायला लागलं. इंद्रमान मला पुसायचा ते बरोबरच होतं, पण पुसून झाल्यावर पुन्हा तिथेच पुसायचा. फडकं कोरडं, मी कोरडी, तरी त्याचा हात थांबेना. मान पुढे काढून, डोळे बारीक करून तो माझ्या अगदी जवळ यायचा. त्याच्या डोळ्यांच्या काळ्या भागावर पांढुरकी साय धरलेली मला दिसली. तीच मला रोज थोडी जाड दिसायची.

मी काय करणार? मला तोंड असतं तर ओरडले असते. मागे दहा माणसं छुर्पी चघळत निर्धास्त बसलेली, डावीकडे दरी आणि पुढून केव्हाही ती रेल्वे. एवढे दिवस त्याचं निभावलं ते या मुलखामुळे. इथे कोणी “आज काही दिसत नाही” म्हणालं की दुसरा मान हलवतो. कुइरोच्या देशात कमी दिसणारा माणूस कोणाच्या लक्षातच येत नाही. त्याच्याही नाही.

लक्षात आलं ते दसईंच्या सणानंतर. पाऊस संपला होता, आभाळ लख्ख निळं होतं. जीपमधल्या प्रत्येकाच्या कपाळावर तांदळाचा लाल टिळा होता. खिडक्यासुद्धा त्या दिवशी उघड्या होत्या. घूम मागे टाकून बतासियाच्या वळणावर आलो आणि समोर अख्खी कांचनजंघा उभी राहिली, धुऊन वाळत घातलेल्या चादरीसारखी पांढरीशुभ्र. इथलीच माणसं, रोज बघणारी, तरी खिडक्यांकडे सरकली. आणि इंद्रमानने फडकं उचललं, मला पुसलं आणि वैतागून म्हणाला, “काय मेला कुइरो लागलाय आज.”

“गुरुजींची दसईंची दारू अजून उतरली नाही वाटतं,” मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

बोजू हसल्या नाहीत. त्यांनी डोंगराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या कोरड्या फडक्याकडे.

“माइला, गाडी बाजूला घे. मला मळमळतंय.”

“तुम्हाला? या रस्त्यावर?”

“वय झालं. घे म्हणते ना.”

दोघं उतरून अगदी माझ्यासमोर उभे राहिले, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“डोंगर कुठाय, दाखव.”

त्याने हात केला. बरोबर केला. सोनादाचं पोर पाळण्यातूनही तिकडेच बोट दाखवेल.

“दिसतोय?”

“आज झाकलाय.”

बोजूंनी एकदा वळून जीपमधल्या माणसांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “केव्हापासून आहे हे?”

“काच जुनी झालीय, बोजू. आतून ओल मुरलीय तिच्यात. बदलतो.”

“काचेला काही झालेलं नाही. डोळे दाखव जाऊन.”

“दवाखान्यात गेलो की स्टँडवर कळणार. इंद्रमानला दिसत नाही असं एकदा कोणी म्हणालं, की माझ्या गाडीत कोण बसेल? दुसरं काय येतं मला?”

“आणि ही मागची माणसं?”

“काच बदलतो म्हटलं ना.”

बोजूंनी उगाच दोनदा थुंकल्यासारखं केलं, तोंड पुसलं आणि आत येऊन बसल्या. कोणाला एक शब्द बोलल्या नाहीत. मला त्यांचा राग आला. सांगायला हवं होतं, असं अजूनही वाटतं. पण त्यांनी त्यांच्या परीने एक केलं. त्या दिवसापासून त्यांनी सकाळची फेरी चुकवली नाही, आणि त्यांची जीभ एकदम सुटली.

“बघ ती लाल छत्रीवाली, अगदी मधोमध चालते. बापाचा रस्ता आहे जसा,” बोजू म्हणायच्या, आणि इंद्रमान हळू व्हायचा. “अगंबाई, आली ही रेल्वे, उजवीकडून, धूर बघ किती सोडते.” तो थांबायचा. मागच्यांना वाटायचं, म्हातारीला आता फार बोलायची सवय लागली आहे. चेष्टाही करायचे. इंद्रमान हसायचा नाही. वाटेत तिसरा कोणी नसल्यासारखी ती दोघं गाडी चालवत होती.

तरी काच बदललीच. गॅरेजवाल्याने माझ्यावरून हात फिरवला.

“गुरुजी, हिला ओरखडासुद्धा नाही. कशाला काढता?”

“काढ म्हटलं ना.”

रबर कापून मला सोडवलं. मी त्याला दोष देत नाही. स्वतःच्या डोळ्यांवर आळ घेण्यापेक्षा काचेवर घेणं कोणालाही सोपंच जातं. पण इतकी वर्षं ज्याचं पुसणं सोसलं, त्याने जाताना एकदा वळूनही पाहिलं नाही, याचं वाईट वाटलं.

माइली मला घरी घेऊन गेली. परसात विटांवर आडवी ठेवून तिने माझ्याखाली रायोच्या भाजीची रोपं लावली. आता जमिनीची वाफ माझ्यावर धरते, थेंब होऊन परत रोपांवर पडते. इथे मी धुरकटले की माइली खूश होते. म्हणते, “छान ऊब धरलीय.” त्याच गोष्टीसाठी मी जन्मभर शिव्या खाल्ल्या होत्या. सुखाने पडून राहावं, तर जीव त्या रस्त्यावर अडकलेला. रोज संध्याकाळी खालच्या वळणावर जीपचा हॉर्न ऐकू येईपर्यंत मी कान लावून असायचे.

एक दिवस बोजूंना ताप आला आणि त्या घरीच राहिल्या. त्या दिवशी हॉर्न वाजलाच नाही. दुपारी फाटक करकरलं आणि इंद्रमान चालत आत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात जीपची किल्ली.

माइली भाजी निवडत होती. “गाडी कुठाय?”

“घूमला.”

“काय झालं?”

तो माझ्याशेजारी विटेवर बसला. “काही झालं नाही. शिट्टी ऐकू आली. रेल्वे पुढून येते की मागून, कळेना. बाजूला कोणी सांगणारं नव्हतं. ब्रेक दाबला आणि बसून राहिलो. ती कुठून गेली मला माहीत नाही. मग लोकांना म्हटलं, इंजिन तापलंय, दुसरी जीप बघा. आणि चालत निघालो.”

माइली भाजी बाजूला ठेवून उठली.

त्याने खांद्यावरचं फडकं काढलं आणि सवयीने माझ्यावरून फिरवलं. वरची बाजू पुसली, मग मला उचलून खालची, रोपांकडची. दोन्ही हातांनी मला डोळ्यांसमोर धरलं आणि माझ्यातून समोर उभ्या असलेल्या बायकोकडे पाहत राहिला. मग मला खाली घेतलं आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

“काच चांगली होती, माइली,” तो म्हणाला.

हे एक वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबले होते. ते ऐकलं तेव्हा मात्र मनापासून वाटलं, दोष माझाच असता तर फार बरं झालं असतं.

माइलीने त्याच्या हातातून किल्ली घेतली आणि कमरेला खोचली. “चहा टाकते. उद्या दवाखान्यात जाऊ.”

“स्टँडवर विचारतील.”

“विचारू देत. मी सांगेन.”

एवढंच माझं म्हणणं आहे. तुमच्या गाडीची काच धुरकटली तर गोण्या वाळत घाला, थंडी सोसून खिडकी दोन बोटं उघडी ठेवा, आणि पुसून कोरडी केल्यावरही दिसेना तर त्याच दिवशी घरात कोणाला तरी सांगा.

इंद्रमानने मला परत रोपांवर ठेवलं. कडा विटांवर नीट बसल्या की नाही हे त्याला दिसत नव्हतं, म्हणून त्याने चारी कोपरे बोटांनी चाचपून पाहिले.